आमची वाटचाल : आईनं घालून दिलेली घडी

शाळेचे गणवेश शिवणारं आमचं छोटं युनिट कोल्हापुरात शाहूपुरीत आहे. दहा-बारा मशिनं, कापडाच्या कडा बांधणारी दोन ओव्हरलॉक मशिनं, कटिंगचं एक लांबलचक टेबल आणि इस्त्रीचा कोपरा, एवढाच पसारा. कापडाचे तागे इचलकरंजीहून येतात आणि शिवलेला माल करवीर, पन्हाळा, कागल भागातल्या शाळांना जातो. याची वाटचाल लिहायची म्हणजे आईबद्दलच लिहावं लागतं. हे सगळं तिनं उभं केलं, आणि दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात, ऐन सीझनमध्ये, ती अचानक गेली.

सुरुवात साधी होती. बाबांची गिरणी बंद पडली तेव्हा घरात एक पायमशिन होतं आणि आईला शिवणकाम येत होतं. गल्लीतल्या मुलींचे पिनाफोर शिवता शिवता एका शाळेचं काम मिळालं, मग दुसऱ्या शाळेचं. कर्ज काढून मशिनं वाढवली. या काळाबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कष्ट सगळ्यांनाच असतात. आम्हा दोघा भावंडांना मात्र आईची उणीव कधी भासली नाही. जूनच्या तोंडावर रात्री उशिरा शटर ओढून आलेली आई सकाळी माझ्या दोन वेण्या घालूनच कामाला जायची. भावाची पालकसभा असली की ऑर्डर बाजूला ठेवायची.

पण आई फक्त आमचीच आई होऊन राहिली नाही, आणि आमच्या व्यवसायाला वळण लागलं ते तिथूनच.

गणवेशाच्या धंद्यात काज-बटणाचं काम बायकांना नगावर घरी द्यायची पद्धत आहे. आम्हीही देत होतो. एकदा आई एका बाईच्या घरी माल आणायला गेली. दुपारची वेळ, शाळेचा दिवस, आणि शर्टांच्या ढिगाऱ्यात त्या बाईची नऊ-दहा वर्षांची मुलगी बटणं लावत बसलेली. दुसऱ्या मुलांच्या शाळेच्या शर्टांना. आई तिथं काही बोलली नाही. घरी आली आणि तिनं बाबांना सांगितलं, "उद्यापासनं काम घरी द्यायचं न्हाई. बायकांनी हितं येऊन करायचं." काज-बटणाचं मशिन घ्यायला पैसे नव्हते, तरी घेतलं. नगाचा दर वाढवला, कारण घर सोडून येणाऱ्या बाईला जायच्या-यायच्या वेळेचं मोल मिळायला हवं. कामाची वेळ शाळेच्या वेळेवर बेतली. पोरं शाळेत गेली की आयांनी यायचं आणि शाळा सुटायच्या आत निघायचं. ती वेळ आजही तशीच आहे.

बालमजुरीचा कायदा १९८६ चा. २०१६ मध्ये त्यात बदल झाला आणि १४ वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला सरसकट बंदी आली, पण शाळेच्या वेळेनंतर आणि सुट्टीत घरच्या उद्योगात मदत करायला मोकळीक राहिली. आईला ही मोकळीक कधीच पटली नाही. ती म्हणायची की नगावरचं काम घरात आलं की मदत कुठं संपली आणि मजुरी कुठं सुरू झाली हे आईबापांनाही कळत नाही. मलाही आज तसंच वाटतं. मोठ्या कारखान्यात तपासणीला कुणीतरी जातं, पण घराच्या उंबऱ्याआत बसलेली पोर कुणाच्याच वहीत येत नाही.

बटणं लावणाऱ्या त्या मुलीला शाळेत बसवताना आईला मुलांना शाळेत आणायच्या कामाची वाट सापडली. पुढं ती वीटभट्ट्यांवर जायला लागली. दिवाळीनंतर आपल्याकडं नदीकाठच्या गावांतून भट्ट्या पेटतात. कामगार कुटुंबं कर्नाटकातून, सोलापूरकडून येतात आणि पावसाच्या तोंडावर परत जातात. मुलं शाळेच्या मधल्या वर्षात येतात आणि कुठल्याच हजेरीपटावर राहत नाहीत. आई रविवारी स्कूटरच्या पुढं कापडी पिशवी ठेवून निघायची. पिशवीत वही, बिस्किटांचे पुडे आणि शिक्षण हक्क कायद्याची मराठी प्रत.

एकदा मी बरोबर होते. दोन भावंडांना घेऊन आम्ही जवळच्या शाळेत गेलो. मुख्याध्यापक म्हणाले, जन्माचा दाखला नाही, जुन्या शाळेचा दाखला नाही, वर्ष अर्धं संपलंय, जूनमध्ये या. आईनं आवाज चढवला नाही. प्रत काढली, खुणेचं पान उघडलं आणि टेबलावर ठेवलं. "सर, एवढं वाचा, मग न्हाई म्हणा." कलम १४ म्हणतं की वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कलम ५ म्हणतं की दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. कलम ४ म्हणतं की मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचं आणि मागं राहिलेला अभ्यास वेगळा शिकवून भरून काढायचा. सरांनी चष्मा लावला, वाचलं आणि हजेरीपट मागवला. त्याच संध्याकाळी आईनं त्या दोघांची मापं घेतली.

मुलांच्या बापाला पटवणं शाळेपेक्षा अवघड होतं. मोडक्या कन्नडमध्ये ती शाहू महाराजांची गोष्ट सांगायची. महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि पोराला शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. "त्या काळचा रुपया हाय दादा, आताचा न्हवं," असं म्हणून ती थांबायची. मग तो माणूस हसायचा आणि बोलणं पुढं सरकायचं.

आमच्या मालाची जी काही ओळख बाजारात आहे तीही याच कामातून आली. आई भट्टीवरच्या, झोपडपट्टीतल्या पोरींना बघायची. एकच फ्रॉक, दोन-तीन वर्षं, गुडघ्याच्या वर चढलेला. मोठ्या झालेल्या मुली त्या आखूड फ्रॉकमुळंच शाळेला जायला लाजतात हे तिच्या लक्षात आलं. मग तिनं कटिंगमास्तरांना सांगून ठेवलं की खालची दुमड अडीच इंच ठेवायची आणि दोन्ही बाजूंना माया, म्हणजे शिवणीच्या आतलं जादा कापड, जास्त सोडायची, म्हणजे उसवून वाढवता येईल. बाजारात दुमड एक इंचाची असते. आमच्या पद्धतीनं शंभर फ्रॉकमागं सात-आठ मीटर कापड जादा जातं. मास्तर कुरकुरायचे. आई म्हणायची, "पोरगी वाढणार हाय मास्तर. माया सोडा." अजून आम्ही सोडतो, आणि तो खर्च मला कधी जड वाटला नाही. आया शाळेत जाऊन आमचंच कापड मागतात.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या बायका असतात, हे बहुतेक आयांना माहीत नव्हतं. सरकारच्या समग्र शिक्षा योजनेतून एका गणवेशाला ३०० रुपये मिळतात, त्यात कसलं कापड येतं आणि कसलं येत नाही, हे आई त्यांना तागा उलगडून दाखवायची. ऑर्डर आम्हालाच मिळेल याची खात्री नसतानाही दाखवायची.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४३ फूट. गाळ्यात पाणी शिरलं, मोटारी गेल्या, तागे चिखलात बुडाले. पाणी ओसरल्यावर उसन्या मशिनवर पहिले कपडे शिवले ते निवारा केंद्रातून घरी परतलेल्या मुलांचे. त्यातून सावरतोय तोवर २०२० चा मार्च आला, शाळा बंद झाल्या. गणवेश कोण घेणार? मास्क शिवून पगार भागवले.

त्या लॉकडाऊनमध्ये थोडक्या माणसांत लग्नं उरकायची घाई सुटली होती. आमच्याकडच्या एका बाईच्या दहावीतल्या मुलीचं गावाकडं ठरलं. आईनं आधी तिच्या वडिलांना फोन केला, ऐकेनात तेव्हा १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला कळवलं. गावात तेव्हा ग्रामसेवकच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असायचे. ते दारात आले आणि लग्न थांबलं. त्या बाईनं काही महिने आईशी अबोला धरला. आईनं तिचं काम काढलं नाही की तिच्याकडं विषय काढला नाही. ती मुलगी आता आमच्याकडं हिशेब बघते, बी.कॉम. झाली आहे. आईच्या फोटोला हार तीच घालते.

आई गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी ती परत जाणाऱ्या भट्टीकामगारांच्या मुलांचे दाखले गोळा करत होती. सकाळी चहा ठेवला, छातीत कळ आली म्हणाली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. पंचगंगेवर आपल्याकडं अंत्यसंस्कार मोफत होतात, त्यासाठी लोक होळीला शेणी (गोवऱ्या) दान करतात. आई दरवर्षी द्यायची. रक्षाविसर्जनाला शाळांमधले शिक्षक आले, भट्टीवरची माणसं आली. ज्या मुख्याध्यापकांपुढं आईनं कायद्याची प्रत ठेवली होती तेही आले होते. नंतर बायका मला म्हणाल्या, "ताई, माल जूनला गेला पाहिजे. पोरं थांबत्यात व्हय?" आम्ही मशिनं सुरू केली. मी रडत रडत बंडल बांधले आणि माल वेळेत गेला.

धंदा मी सांभाळू शकते, तो तिनंच शिकवला. तिचं दुसरं काम मात्र एकटीला पेलत नाही. अनोळखी बापासमोर बसून त्याला हसवायचं आणि त्याच्याकडून होकार घ्यायचा, हे मला अजून जमत नाही. म्हणून ते आम्ही वाटून घेतलं आहे. भट्ट्यांवर मी आणि भाऊ जातो. शाळेत प्रवेशाला हिशेबवाली मुलगी जाते, कायद्याची तीच प्रत घेऊन. जाणाऱ्या मुलांचे दाखले एप्रिलपासूनच गोळा करतो. नफ्यातला ठरावीक भाग या मुलांच्या गणवेशासाठी बाजूला पडतो, हे वहीच्या पहिल्या पानावर आईच्या अक्षरात आहे.

यंदा दिवाळीनंतर भट्ट्या लागतील. आपल्या गावच्या भट्टीवर, उसाच्या फडात किंवा शेजारच्या घरात शाळेच्या वेळी कामाला बसलेलं मूल दिसलं तर आम्हाला सांगा. दाखला नसला तरी चालेल, प्रवेशाला आम्ही बरोबर येतो, गणवेश आमचा. मूल अडचणीत असेल तर आमची वाट न बघता १०९८ ला फोन करा. तो नंबर दिवसरात्र चालू असतो आणि त्याला पैसे पडत नाहीत.