होडी वरून कुजते

जुनी लाकडी होडी विकत घ्यायला आलेला माणूस आधी खाली वाकतो. पाण्याखाली राहणाऱ्या फळ्या चाचपतो, सांध्यांवरून नख फिरवतो, कुठे भुसभुशीत लागतंय का बघतो. साहजिकच आहे. होडी पाण्यात राहते, तेव्हा पाणी तिला खालूनच खाणार असं वाटतं. माझ्याबरोबर आलेल्या मामानं मात्र खाली बघितलंच नाही. तो शिडी लावून थेट डेकवर चढला आणि डोलकाठी जिथून आत उतरते त्या भोकाभोवती हातोडीच्या दांड्यानं ठोकून बघायला लागला.

मामाचं आयुष्य सुतारकामात गेलं. दारं, जिने, छपरांचे वासे. होडीला त्यानं तोवर कधी हात लावला नव्हता, पण लाकूड कुठून मरतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. "खाऱ्या पाण्यात लाकूड टिकतं गं," तो वरून म्हणाला, "मारतं ते पावसाचं पाणी. हे ऐक." चांगल्या लाकडावर दांडा पडला की आवाज खणखणीत येतो आणि दांडा उसळतो. तो वीतभर पुढे सरकला आणि आवाज एकदम बसला. भद्द. रंग शाबूत होता, वरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. तिथे स्क्रूड्रायव्हर टेकवून जरा जोर दिला तर तो निम्मा आत गेला.

कारण सोपं आहे. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओलावा लागतो आणि हवाही लागते. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला की तिचं काही चालत नाही. लाकूड पूर्ण बुडालेलं असेल तर तिला हवा मिळत नाही, आणि मीठ तर तिला अजिबात सोसत नाही. पूर्वी मोठी लाकडी जहाजं बांधताना बरगड्यांच्या, म्हणजे फळ्यांना आतून आधार देणाऱ्या वाकवलेल्या लाकडांच्या, मधल्या पोकळ्यांत मीठ भरून ठेवायचे, ते याचसाठी. पावसाचं पाणी गोडं. ते डेकच्या फटीतून, खिडकीच्या कोपऱ्यातून, सैल झालेल्या एखाद्या स्क्रूच्या भोकातून थेंबाथेंबानं झिरपतं आणि वारा पोचत नाही अशा जागी जाऊन मुक्काम करतं. ताडपत्रीत घट्ट गुंडाळून किनाऱ्यावर सोडून दिलेली होडी समुद्रात फिरणाऱ्या होडीपेक्षा लवकर संपते ती यामुळेच. ताडपत्री हवीच, पण तिची दोन्ही टोकं उघडी हवीत. हे मी भेटेल त्या होडीवाल्याला सांगत असते.

आमची होडी फोकबोट आहे. १९४१ मध्ये स्कँडिनेव्हियात एक स्पर्धा झाली: साध्या माणसाला परवडेल, शर्यतीत पळेल आणि सुट्टीत आत झोपताही येईल अशी लहान शिडाची होडी आखून द्या. एकाही आराखड्याला पहिलं बक्षीस मिळालं नाही. मग चांगल्या आराखड्यांतले गुण एकत्र करायचं ठरलं आणि टोर्ड सुंडेन यांनी त्यावरून होडी रेखाटली. पहिली फोकबोट १९४२ मध्ये पाण्यात उतरली. लांबी ७.६८ मीटर, रुंदी २.२० मीटर, पाण्याखाली १.२० मीटर, शिडं २४ चौरस मीटर. वजन सुमारे १,९३० किलो, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त तळाच्या लोखंडी कण्यात. १९६० मध्ये एकेकट्यानं अटलांटिक ओलांडायची पहिली शर्यत झाली, तेव्हा ब्लाँडी हॅस्लर याच आराखड्यावर बेतलेल्या 'जेस्टर'मधून प्लिमथहून न्यूयॉर्कला ४८ दिवसांत पोचले आणि दुसरे आले. त्यांनी शीड वेगळं लावलं होतं, पण अंग फोकबोटीचंच. साडेसात मीटरच्या लाकडी होडीत एवढा दम असतो हे कळल्यापासून मला दुसरी कुठली होडी नकोच होती.

दुरुस्तीत पहिला प्रश्न येतो तो काय बदलायचं आणि काय ठेवायचं याचा. मला बऱ्याच जणांनी एकच सल्ला दिला: बाहेरून फायबरग्लास चढवून टाक, कटकट संपेल. माझं मत याच्या पक्कं विरुद्ध आहे. फळ्यांवर फळ्या चढवून बांधलेलं अंग हवेतल्या आणि पाण्यातल्या ओलाव्याबरोबर फुगतं आणि आकसतं. त्यावर ताठ कवच घातलं की ते कधी ना कधी लाकडापासून सुटतं, आणि मधल्या फटीत शिरलेलं पाणी बाहेर पडत नाही. म्हणजे बुरशीला हवी तशी बंद, दमट खोली आपणच बांधून द्यायची. कुजलेलं तेवढं काढायचं, त्याच जातीचं लाकूड बसवायचं आणि बाकीच्याला श्वास घेऊ द्यायचा, असं आम्ही ठरवलं.

रंग काढणं हे सगळ्यात कंटाळवाणं काम, आणि सगळ्यात जपून करायचंही. जुन्या होड्यांच्या तळच्या थरांत शेंदरी रंगाचं शिशाचं प्रायमर सापडतं. ते कोरडं घासलं तर विषारी धूळ उडते, म्हणून ओलं करून घासायचं, योग्य मास्क लावायचा, निघालेला कचरा वेगळा बांधून ठेवायचा. घाई करणाऱ्याला हे काम देऊ नये.

लोखंडी कणा लाकडाला जोडणारे बोल्ट हा फोकबोटीचा जीव. त्यांची डोकी आतून दिसतात, बऱ्याचदा चांगली दिसतात, आणि तिथेच माणूस फसतो. लोखंड आणि लाकूड जिथे भेटतात तिथे ओल धरते आणि बोल्ट नेमका तिथे झिजतो. आम्ही पहिला बोल्ट ठोकून बाहेर काढला तेव्हा तो डमरूसारखा मधे बारीक झालेला होता. मामा तो हातात घेऊन बराच वेळ बघत बसला. नंतर आम्ही सगळेच काढले आणि गॅल्व्हनाइज्ड पोलादाचे नवे घातले. अनेक जण ब्राँझ सुचवतात. ब्राँझ आणि ओतीव लोखंड खाऱ्या पाण्यात एकत्र आले की लोखंड खाल्लं जातं, म्हणजे बोल्ट टिकतील आणि कणा जाईल. स्टेनलेसही ओल्या लाकडात, हवा न मिळाल्यानं, वरून न दिसता पोखरलं जातं.

बरगड्यांचं काम मला सगळ्यात आवडलं. ओकच्या पट्ट्या लाकडी पेटीत वाफेवर ठेवायच्या, एक इंच जाडीला साधारण एक तास. भट्टीत वाळवलेलं ओक इथे कामाचं नाही, ते तडकतं. रस असलेलं, ताजं चिरलेलं लाकूड लागतं. पेटीतून पट्टी बाहेर आली की ती वाकवायला जेमतेम मिनिटभर मिळतं. हातात जाड मोजे, पेटी उघडायची, धावत होडीत चढायचं, पट्टीचं टोक तळाशी रोवायचं आणि गुडघ्यानं दाबत तिला फळ्यांच्या वळणाला बसवायची. पट्टी त्या मिनिटात इतकी मऊ असते की हे ओक आहे यावर विश्वास बसत नाही. मग ती हळूहळू ताठरते, आणि तुमच्या हातांना ते कळतं. काही पट्ट्या तडकतातच, म्हणून नेहमी जास्तीच्या शिजत ठेवायच्या.

फळ्यांना जोड देताना आमचा हिशोब एकास आठचा होता. १६ मिलीमीटर जाडीच्या फळीला १२८ मिलीमीटर लांब उतार तासायचा, समोरच्या फळीलाही तेवढाच, आणि दोन उतार एकमेकांवर चिकटवायचे. मामानं हे सगळं रंध्यानं केलं. मशीन वापर म्हटलं तर म्हणाला, "मशीनला कुठे थांबायचं ते कळत नाही."

पण फळी जागी बसते ती तांब्याच्या खिळ्यांनी. वरची फळी खालच्या फळीवर थोडी चढलेली असते, आणि त्या कडेतून चौकोनी तांब्याचा खिळा बाहेरून आत ठोकतात, भोक आधी पाडून. आतल्या बाजूला खिळ्यावर छोटी खोलगट चकती चढवायची, जास्तीचं टोक कापायचं आणि उरलेलं गोल तोंडाच्या छोट्या हातोडीनं ठोकत चकतीवर पसरवायचं. त्या वेळी बाहेर कुणीतरी खिळ्याच्या डोक्याला जड लोखंडी ठोकळा टेकवून धरावा लागतो, नाहीतर खिळाच मागे सरकतो. मी आत, मामा बाहेर. मधे फळी असल्यानं एकमेकांना बघता यायचं नाही आणि हातोडीच्या आवाजात बोलणं ऐकू यायचं नाही. मग ठोक्यांची भाषा ठरली. बाहेरून एक ठोका म्हणजे ठोकळा टेकला, आतून दोन म्हणजे झालं, पुढे चल. जोरात मारलेले चार-पाच घाव चालत नाहीत, त्यानं खिळा लाकडाच्या आत वाकतो. हलके, भरपूर घाव लागतात. शेवटी शेवटी आवाजावरूनच कळायचं की तांबं चकतीवर नीट बसलं, आणि बाहेरून मामाचा ठोकळा मी दोन ठोके द्यायच्या आतच पुढच्या खिळ्यावर सरकलेला असायचा.

डोलकाठीबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिथे आमचं नशीब चांगलं होतं. स्प्रूसची मूळ डोलकाठी छपराखाली आडवी ठेवलेली होती, फक्त बुडाशी कुजलेली. तेवढा तुकडा बदलला. व्हार्निशचा पहिला हात टर्पेंटाइन घालून निम्मा पातळ केला, म्हणजे तो लाकडात मुरतो, आणि पुढचे हात दाट होत गेले. सहा-सात हातांशिवाय उन्हात टिकाव नाही. ऊन पातळ थरातून आत शिरून खालच्या लाकडालाच मारतं, मग थर सुटतो आणि पुन्हा तेच, गोडं पाणी.

होडी पाण्यात उतरवायचा दिवस लोकांना आनंदाचा वाटतो. मला त्या दिवशी पोटात गोळा आला होता. इतका काळ कोरड्यात राहिलेली होडी गळणारच हे मला माहीत होतं. फळ्या आकसलेल्या असतात, पाण्यात फुगून त्या एकमेकींवर घट्ट बसायला वेळ लागतो. आधीचे काही दिवस आम्ही आत ओली पोती अंथरली होती. तरी क्रेनच्या पट्ट्यांत लटकत ती पाण्याला टेकली आणि सगळीकडून पाझरायला लागली. फळ्यांच्या प्रत्येक कडेवर पाण्याची बारीक ओळ. क्रेनवाल्याला आधीच सांगून ठेवलं होतं, पट्ट्या रात्रभर सोडायच्या नाहीत. पंप सुरू केला आणि मी आत बसून राहिले. मामा धक्क्यावर.

"किती येतंय गं?"

"पंपाला झेपतंय."

तासाभरानं पुन्हा तोच प्रश्न. मध्यरात्रीनंतर वरच्या काही ओळी सुकल्या. सकाळपर्यंत पंप अधूनमधून चालवला तरी पुरत होता, आणि पुढच्या एक-दोन दिवसांत तळ हातानं पुसता येईल इतका कोरडा झाला. एकाही सांध्यात आम्ही काही भरलं नव्हतं. लाकडानं स्वतःच स्वतःला मिटवून घेतलं.

लगेच शिडं चढवायचा मोह होतो, पण डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा पहिल्या आठवड्यात कचकचून आवळू नयेत. अंग अजून फुगत असतं, त्यावर आणखी ताण कशाला. आम्ही थांबलो.

आणि मग एका सकाळी वारा आला. पाण्यावर कुठेकुठे पांढरे फेस दिसावेत एवढाच, म्हणजे अगदी हवा होता तसा. मोठं शीड वर गेलं, फडफडलं, भरलं. पुढचं शीड चढवलं आणि होडी धक्क्यापासून सुटली. फोकबोट आधी पटकन कलते. नवख्याला तिथे भीती वाटते. मग लोखंडी कणा आपलं काम सुरू करतो आणि ती एका कलावर रुतून बसते, त्याच्यापुढे कलत नाही. वाऱ्याच्या दिशेला साधारण ४५ अंश धरून आम्ही वारा येतो त्या बाजूला सरकायला लागलो. लांब कण्यामुळे ती रेषेत जाते. सुकाणूच्या दांड्यावर दोन बोटं पुरत होती. पाण्यालगतची लांबी ६ मीटर, त्यामुळे वेगाची मर्यादा जेमतेम ६ नॉट, म्हणजे ताशी ११ किलोमीटर. आकडा सायकलच्या वेगापेक्षाही कमी. पण पाण्यापासून हातभर अंतरावर बसून, कलत्या अंगाला पाय टेकवून जाताना त्या वेगात काही कमी वाटत नाही.

आणि आवाज. फळ्या एकमेकींवर चढलेल्या असल्यानं बाहेरून प्रत्येक फळीची कड पुढे आलेली असते, आणि त्या कडांखाली पाणी खुळखुळत मागे जातं. गुळगुळीत अंगाच्या होडीत हे ऐकू येत नाही. मामा केबिनमध्ये जाऊन फळ्यांना कान लावून बसला. ज्या फळ्या त्यानं रंध्यानं जोडल्या त्यांच्याच पलीकडे पाणी पळत होतं. मी वळायचं ठरवलं तेव्हा त्याला ओरडून सांगावं लागलं, "मामा, वळतेय, डोकं सांभाळ!" तो वर आला आणि काही न बोलता सुकाणूचा दांडा माझ्या हातातून घेतला. पुढचं शीड या बाजूचं त्या बाजूला मी नेलं, दोर आवळला, आणि परत येताना दांडा शेवटपर्यंत त्याच्याकडेच होता.

धक्क्याला लागल्यावर आधी तळ पाहिला, कोरडा. वाऱ्याकडे नसलेल्या बाजूच्या तारा सैल पडल्या होत्या, त्या अर्धा-अर्धा फेरा आवळल्या. डोलकाठीच्या भोकाभोवतीची लाकडी पाचर एका बाजूनं थोडी हललीय. पाऊस यायच्या आत ती नीट बसवून वरून कॅनव्हासचं झाकण शिवायचंय. माप मामानं घेऊन ठेवलंय.