अकोल्याच्या उन्हाळ्यात आईचा कुलर सौरऊर्जेवर चालवताना

अकोल्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो आणि नेमकी दुपारीच लाइन जाते. आईचे वय ७८ असल्यामुळे त्या दोन-तीन तासांची मला धास्ती वाटे, म्हणून गेल्या वर्षी मी ५०० वॅट-तासांचा (म्हणजे १०० वॅटचे उपकरण साधारण पाच तास चालेल एवढी वीज साठवणारा) उचलून नेता येणारा बॅटरी-संच आणि प्रत्येकी १०० वॅटचे घडीचे दोन सौर पॅनेल विकत घेतले.

पहिल्याच दिवशी माझा हिशेब चुकला. कुलर किती वीज घेतो हे मी आधी मोजलेच नव्हते. प्लगमध्ये लावायचे छोटे मीटर आणून पाहिले, तेव्हा पंपासह १९० वॅट दिसले आणि भरलेला संच जेमतेम दोन तास दहा मिनिटे टिकला, कारण बॅटरीतल्या डीसी विजेची घरच्या उपकरणांना लागणारी एसी वीज करताना संचातल्या इन्व्हर्टरमध्ये काही वीज खर्ची पडतेच. मोठा संच घेण्याऐवजी मी बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या, ब्रश नसलेल्या) मोटरचा कुलर घेतला, जो पंपासह ७५ वॅटवर चालतो, आणि तोच निर्णय सर्वांत मोलाचा ठरला. सूर्याकडून अधिक मागण्यापूर्वी आपली गरज कमी करावी, असे मी आता विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. दीड टनाच्या एसीला (वातानुकूलन यंत्राला) साधारण दीड हजार वॅट लागतात, त्यामुळे एवढ्याशा संचाकडून ती अपेक्षाच करू नये. शिवाय विदर्भाच्या कोरड्या हवेत ओल्या ताट्यांमधून येणारा वारा खोली चांगली गार करतो.

पॅनेलने मात्र बरेच दिवस घेतले. गच्चीच्या तापलेल्या फरशीवर पसरलेले दोन्ही पॅनेल मिळून भर दुपारी १३० वॅटच देत होते. पॅनेलवर लिहिलेली क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते आणि सिलिकॉनचा पॅनेल जसजसा तापतो तसतशी त्याची वीज दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्याने घटते, हे तेव्हा समजले. मी जुनी सुंभाची बाज गच्चीवर नेली आणि तिच्यावर पॅनेल आडवे ठेवले. खालून वारा खेळू लागताच आकडा १४५ वर गेला. इथे मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सूर्य माध्यान्ही थेट डोक्यावर येतो, म्हणून त्या दिवसांत पॅनेलला उतार देण्याची गरज उरत नाही. बॅटरी मात्र उन्हात ठेवायची नाही. ती जिन्याखाली सावलीत असते आणि गच्चीवरून जाड वायर खाली आणली आहे, कारण बारीक वायरीत एवढ्या अंतरावर विजेचा दाब (व्होल्टेज) घटतो.

फ्रिज जोडून पाहिला, तर कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर लागणारी जादा वीज संचाला झेपली नाही आणि तो बंद पडला. तो नाद मी सोडला.

यंदाच्या मेमध्ये एके दिवशी साडेबाराला गेलेली लाइन चार वाजता आली. पॅनेलकडून वीज येत राहिल्यामुळे संचाच्या पडद्यावर तेव्हाही ९१ टक्के दिसत होते आणि आई गाढ झोपेत होती.