खपलीच्या पाठीवर

बंदराच्या भिंतीवर रंगवलेल्या गलबताची नाळ, म्हणजे पुढचं टोक, आज गळून पडली. चित्राने दोन पावसाळेही धड काढले नाहीत. बघ्यांनी निकाल लगेच दिला: "रंग हलका मारला असणार."

खपली उलटी करून पाहायची तसदी मात्र कुणी घेतली नाही. पाठीला पांढरी भुकटी होती. मीठ! खारी ओल गिलाव्यात मुरते, भिंत सुकताना मीठ रंगामागे येऊन साकळतं आणि रंगाला आतून ढकलतं. वाफ कोंडणारा ऑइल पेंट असेल तर संपलंच. महागडा डबाही इथे हरतो.

अशी भिंत आधी कोरड्या ब्रशने घासायची. थेट पाणी मारलं की मीठ विरघळून परत आत जातं (लोक नेमकं तेच करतात). मग गोड्या पाण्याने धुवायची, मग वाळू द्यायची. हातभर प्लास्टिक चारही कडांनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवायचं. सकाळी आत दव दिसलं तर थांबायचं. गिलावा नवा असेल तर निदान 28 दिवस.

पण उद्घाटनाची तारीख आधी ठरते, भिंत नंतर मिळते. वाळायचे दिवस कुणाच्या वेळापत्रकात असतात?