दाराबाहेरच्या चपला

आज ग्रुप थेरपीचा चौथा बुधवार. सेशन सहाचं, पण पोटात दुपारी तीनपासूनच गोळा. नळ स्टॉपला बसमधून उतरले आणि परतीची बस शोधायला लागले. शेवटी शेजारच्या अमृततुल्यात शिरले. हात इतका थरथरत होता की चहा बशीत सांडला.

मग शिकवलेलं आठवलं. चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. श्वास सोडणं लांबवलं की ठोके मंदावतात. पाच-सहा मिनिटं लागली, पण मंदावले.

(पहिलं पाऊल टाकलं ते 14416 वर फोन करून. टेली-मानस, मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, सरकारी, मोफत, मराठीत बोलता येतं. कुणाला लागेल म्हणून लिहितेय.)

जिना चढले तर दाराबाहेर सात जोडी चपला. एका कोल्हापुरीचा अंगठा तुटलेला, सेफ्टी पिन लावून चालवलेला. का कोण जाणे, तो बघून डोळे भरून आले. इतकी माणसं आधीच येऊन बसली होती.

माझी पाळी आली तेव्हा एवढंच म्हणाले, "आज यायची फार भीती वाटत होती." बाकीचं आतलं आतच राहू दे, तो नियम मला जिवापाड प्यारा आहे.

निघताना सेफ्टी पिनवाले काका जिन्यात थांबले. "पुढच्या बुधवारी येणार ना, ताई?"

"येणार, काका."