माझा हिस्सा किती?

जिल्हाधिकारी कार्यालयात राष्ट्रीय न्यास कायद्याखाली अपंग व्यक्तींसाठी पालक नेमणाऱ्या स्थानिक समितीची बैठक होती आणि आमचं प्रकरण यादीत शेवटचं. सेरेब्रल पाल्सी असलेल्या सव्वीस वर्षांच्या बहिणीचं कायदेशीर पालकत्व मिळावं, असा भावाचा अर्ज. आईवडील दोघंही गेलेले, फ्लॅट वडिलांच्या नावावर, तो विकायचा तर बहिणीच्या वतीने सही करणारं कुणीतरी हवं. डॉक्टरांचं प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, सगळं रीतसर जोडलेलं. मी बहिणीची वकील. ती मावशीकडे राहते. मावशीच तिला घेऊन माझ्याकडे आल्या होत्या.

असे अर्ज सहसा चटकन निकाली निघतात. त्यामागे लबाडी असतेच असं नाही. "आमच्या माघारी हिचं कसं होणार?" या धास्तीने झोप उडालेले कितीतरी आईबाप मी पाहिलेत. १९९९ च्या या कायद्याचा त्यांना आधार वाटतो, आणि त्यांना मी दोष देणार नाही.

पण माझी वकिली ज्याच्याभोवती फिरते ते कलम वेगळं सांगतं. संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार २००६ साली झाला, भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी त्याचं अनुसमर्थन केलं. त्यातलं कलम १२ म्हणतं की अपंगत्व आहे म्हणून कुणाची कायदेशीर क्षमता काढून घेता येत नाही. निर्णयासाठी मदत लागत असेल तर ती द्या, निर्णय मात्र त्या व्यक्तीचाच. पेरूने २०१८ मध्ये आणि कोलंबियाने २०१९ मध्ये त्यानुसार आपले कायदे बदलले. सप्टेंबर २०१९ मध्ये जिनिव्हात भारताच्या पहिल्या अहवालावर सुनावणी झाली, तेव्हा अपंगांच्या संघटनांच्या बाजूने मी तिथे होते. पालकत्वाची पद्धत सोडा, निर्णयाला आधार देणारी व्यवस्था उभी करा, असं संयुक्त राष्ट्रांच्या समितीने भारताला सांगितलं. त्या सभागृहात बोललेला प्रत्येक शब्द पडद्यावर उमटत होता, सांकेतिक भाषेचे दुभाषे होते, आणि समितीच्या बहुतेक तज्ज्ञांना स्वतःला अपंगत्व होतं. मात्र कराराचा ऐच्छिक प्रोटोकॉल भारताने स्वीकारलेला नाही. त्यामुळे इथल्या कुणाला आपली तक्रार घेऊन थेट त्या समितीकडे जाता येत नाही. जे मिळवायचं ते इथेच, कलेक्टर कचेरीतल्या अशा बैठकीत.

भावाच्या वकिलांनी प्रमाणपत्रावर बोट ठेवलं. "वाचा नाही, असं डॉक्टरांनीच लिहिलंय."

मी म्हटलं, "सर, पालकाची गरज आहे की नाही हे समितीने आधी ठरवायचं, असं याच कायद्याचं कलम १४ सांगतं. यांना विचारल्याशिवाय ते कसं ठरणार?"

"पण त्यांना बोलता येत नाही ना?" अध्यक्षांनी विचारलं.

"बोलता येत नाही. सांगता येतं."

तिने मांडीवरचा तक्ता पुढे सरकवला. मुळाक्षरांच्या ओळी, उजवीकडे काना, मात्रा, वेलांट्यांचे चौकोन, खाली आकडे. 'म'वरचं लॅमिनेशन घासून पांढरं पडलेलं. डाव्या हाताच्या मधल्या बोटाच्या पेराने ती अक्षर दाखवते. हात मध्येच झटका खातो, मग ती थांबते आणि परत त्याच अक्षरावर येते.

"मावशीच तिच्याकडून वदवून घेतात," भावाचे वकील म्हणाले. आक्षेप गैर नव्हता. मी मावशींना मागच्या रांगेत बसायला सांगितलं. समितीवर एक अपंग सदस्य असावाच लागतो. ते सद्गृहस्थ आपली व्हीलचेअर घेऊन तिच्यासमोर आले आणि त्यांनी तक्ता धरला.

फ्लॅट विकायला नको, असं ती म्हणेल अशी माझी अटकळ होती. तिने भावाकडे पाहिलं आणि सुरुवात केली. म, काना. झ, काना. सदस्य एकेक अक्षर मोठ्याने वाचत होते. अध्यक्षांचा फोन वाजला. त्यांनी तो कट केला आणि पुढची मीटिंग थांबवायला सांगितली. तक्त्यावर जोडाक्षरांची सोय नाही, म्हणून 'हिसा' असं लागलं, पण तोवर सगळ्यांना कळलं होतं.

माझा हिस्सा किती?

अर्जात त्याचा उल्लेखच नव्हता. उत्तर तिला ठाऊक होतं. ऑफिसात आम्ही त्यावर बोललो होतो. अपंगत्वामुळे वारसाहक्क जात नाही, हे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २८ मध्येच आहे. तिला ते भावाच्या तोंडून ऐकायचं होतं.

"निम्मा," तो म्हणाला.

ती पुन्हा तक्त्यावर वाकली. मग विका. पैसे माझ्या खात्यात.

विक्रीला तिची हरकत कधीच नव्हती. घरात कुणी तिला विचारलंच नव्हतं. भावाने खाली मान घालून सांगितलं की खातं उघडायला तो गेला होता, तर बँकेतच त्याला पालकत्वाचा कागद आणायला सांगितलं. कर्जाचे हप्ते थकलेले, गिऱ्हाईक हातातून जाईल ही भीती. मला त्याचा राग आला नाही. एका काउंटरवरून सहज मागितलेला कागद, आणि त्यापायी एका प्रौढ बाईचं सगळं आर्थिक आयुष्य दुसऱ्याच्या सहीखाली जाणार होतं.

मग मी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १३ वाचून दाखवलं. मालमत्ता बाळगण्याचा आणि आपले आर्थिक व्यवहार स्वतः पाहण्याचा हक्क त्यात आहे. मदतनिसाचा आणि त्या व्यक्तीचा स्वार्थ एकाच व्यवहारात आमनेसामने आले तर मदतनिसाने बाजूला व्हावं, असंही त्यातच आहे. भाऊ त्याच फ्लॅटचा दुसरा वारस होता, त्यामुळे यावर युक्तिवाद फारसा झाला नाही. समितीने अर्ज फेटाळला आणि तिचं म्हणणं तिच्याच शब्दांत आदेशात नोंदवून घेतलं.

आदेशाची प्रत लावून लेखी अर्ज दिला तेव्हा तिचं खातं उघडलं. विक्रीतला निम्मा वाटा त्यात जमा झाला. भाऊ आता अधूनमधून मावशींकडे येतो.

आता मोबाइल बँकिंग अडलंय. थेट फोटोसाठी मान स्थिर ठेवा, असं ॲप सांगतं आणि तिची मान स्थिर राहत नाही. डिजिटल केवायसी अपंगांना वापरता येईल अशी करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी दिला आहे. त्या निकालाची प्रत जोडून आम्ही बँकेला पत्र पाठवलंय. मसुदा तिने वाचला आणि त्यातलं 'विनंती' खोडून 'मागणी' करायला लावलं.