लोकांच्या गाडीचा लौकिक

मोटार विकत घ्यायला निघालेला आपल्याकडचा माणूस शोरूममध्ये शिरला की अ‍ॅव्हरेज आणि हप्ता विचारण्याआधी एक गोष्ट हमखास करतो. तो गाडीचे दार उघडतो आणि जरा जोरातच लावून पाहतो. पत्रा वाजला तर तोंड वाकडे होते. घट्ट, भरीव ‘धप्प’ असा आवाज आला तर तो सोबत आलेल्या मेहुण्याकडे बघतो आणि मेहुणा, जणू आयुष्यभर दारेच तपासत आल्यासारखा, निकाल देतो, “जर्मन आहे!” फोक्सवॅगनच्या पोलोला हे प्रशस्तिपत्र किती वेळा मिळाले असेल त्याची गणती नाही. वास्तविक ती पोलो तयार झालेली असे पुण्याजवळच्या चाकणला, तिची दारे बसवणारे हातही आसपासच्या तालुक्यांतले असत. पण आवाज मात्र जर्मन. कंपनीचा लौकिक म्हणजे नेमके काय आणि तो कमावतो कोण, हा प्रश्न मला या आवाजामुळेच पडला, आणि फोक्सवॅगनचा इतिहास वाचताना तो सुटण्याऐवजी अधिकच गुंतत गेला. कारण या कंपनीच्या चांगल्या नावाचा मोठा हिस्सा तिला दुसऱ्यांनी मिळवून दिलेला आहे, आणि जेव्हा जेव्हा तो उधळला गेला तेव्हा मात्र तो तिच्या चालकांच्याच हातून उधळला गेला.

जन्मापासूनच पाहावे. सर्वसामान्य जर्मन कुटुंबाला परवडेल अशी मोटार हवी, हा विचार १९३०च्या सुमारास अनेकांच्या डोक्यात होता. योझेफ गांझ या ज्यू अभियंत्याने आणि चेकोस्लोव्हाकियातल्या टाट्रा कंपनीच्या हान्स लेडविंका यांनी त्या वाटेवर बरीच मजल मारली होती. सत्ता मात्र हिटलरच्या हाती आली आणि काम फर्डिनांड पोर्शे यांच्याकडे गेले. अपेक्षा अशा होत्या की गाडीत दोन मोठी माणसे आणि तीन मुले बसावीत, ताशी १०० किलोमीटरचा वेग तिला सहज झेपावा, १०० किलोमीटरला ७ लिटरच्या आसपास पेट्रोल लागावे, आणि गॅरेज नसलेल्या माणसाच्या दारात ती हिवाळाभर उभी राहिली तरी पाणी गोठून इंजिन फुटू नये, म्हणून इंजिन हवेने थंड होणारे असावे. किंमत ठरली ९९० मार्क. खासगी कारखानदारांना हा आकडा अशक्य वाटत होता. तेव्हा १९३७ मध्ये जर्मन लेबर फ्रंट या नाझी संघटनेनेच कंपनी काढली आणि त्यासाठी पैसा वापरला तो १९३३ मध्ये मोडून टाकलेल्या कामगार संघटनांच्या जप्त मालमत्तेतला. फोक्सवॅगन म्हणजे ‘लोकांची गाडी’, आणि ती लोकांकडून हिसकावलेल्या पैशावर उभी राहिली. मे १९३८ मध्ये फालर्सलेबेनजवळ कारखान्याची पायाभरणी झाली.

मला या प्रकरणात सर्वांत जास्त अस्वस्थ करते ती तिकिटांची वही. गाडी हवी असणाऱ्याने दर आठवड्याला किमान ५ मार्कांचे तिकीट घेऊन वहीत चिकटवायचे, म्हणजे साधारण ४ वर्षांत गाडीची किंमत पुरी होणार, अशी योजना होती. सुमारे ३ लाख ३६ हजार लोकांनी या वह्या भरायला घेतल्या. आपल्याकडच्या भिशीत किंवा पोस्टाच्या आवर्ती ठेवीत ज्या निष्ठेने लोक पैसे घालतात, त्याच निष्ठेने या लोकांनी रविवारच्या सहलीची स्वप्ने पाहत तिकिटे चिकटवली असणार. युद्ध सुरू झाले आणि त्यांच्यापैकी एकालाही गाडी मिळाली नाही. ज्या काही शे गाड्या तयार झाल्या त्या सत्ताधाऱ्यांच्या आणि अधिकाऱ्यांच्या दिमतीला गेल्या. युद्धानंतर बचतदारांनी वर्षानुवर्षे न्यायालयात झगडा केला आणि १९६१ मध्ये तडजोड झाली. वही पूर्ण भरलेल्यांना नव्या गाडीवर ६०० मार्कांची सूट किंवा १०० मार्क रोख, बस्स.

युद्धकाळात कारखान्यात लष्करी वाहने आणि शस्त्रास्त्रांचे भाग तयार होत होते आणि ते तयार करणारे हात बहुतांशी सक्तीने आणलेले होते. पोलंड, सोव्हिएत संघ, फ्रान्स, इटली अशा देशांतली माणसे, युद्धकैदी आणि छळछावण्यांतले बंदी मिळून सुमारे २० हजार लोकांनी इथे वेठबिगारी केली. पोलिश आणि सोव्हिएत स्त्रियांची तान्ही मुले त्यांच्यापासून काढून घेऊन कंपनीच्या ‘बालगृहात’ ठेवली गेली आणि त्यांतली शेकडो दगावली. या गोष्टींकडे सरळ पाहायला कंपनीला फार वेळ लागला. इतिहासकार हान्स मोम्सेन यांच्याकडून तिने लिहवून घेतलेला इतिहास १९९६ मध्ये आला आणि कारखान्यातल्याच हवाई हल्ल्यापासून बचावाच्या तळघरात वेठबिगारांचे स्मारक १९९९ मध्ये उघडले. उशीर झाला हे खरे, पण पुष्कळ कंपन्यांच्या स्मरणिकांतून असली पाने गुपचूप गळलेली असतात, हेही लक्षात ठेवावे लागते.

१९४५ मध्ये जर्मनी हरली तेव्हा हा कारखाना बॉम्बहल्ल्यांनी खिळखिळा झाला होता आणि मोडीत निघण्याच्याच बेतात होता. ब्रिटिश सैन्याने त्याचा ताबा आयव्हन हर्स्ट नावाच्या तिशीच्या आतल्या मेजरकडे दिला. हर्स्टने कारखान्यात सापडलेली एक जुनी गाडी सैनिकी रंगात रंगवून वरिष्ठांना दाखवली आणि सैन्याला वाहनांची निकड होतीच, त्यामुळे थेट २० हजार गाड्यांची मागणी मिळवली. मला हा माणूस फार आवडतो. कोळसा नाही, पोलाद नाही, छतातून पाऊस गळतो आहे, कामगारांना पुरेसे अन्न नाही, अशा परिस्थितीत ऑक्टोबर १९४६ मध्ये दहा हजारावी गाडी बाहेर पडली. त्या वेळच्या छायाचित्रात सजवलेल्या गाडीसोबत कामगारांनी लिहिलेला एक फलक दिसतो. गाड्या झाल्या दहा हजार, पोटात मात्र काही नाही, हे कोण सोसणार, अशा अर्थाची ती तुकबंदी आहे. सत्काराच्या दिवशी असा फलक लावू देणारा साहेब आणि तो लावणारे कामगार, दोघांनाही दाद द्यावीशी वाटते.

मजा अशी की हा कारखाना फुकटात मिळत असताना कुणाला नको होता. ब्रिटिश मोटार कारखानदारांनी पाहणी करून गाडी कुरूप आहे, आवाज फार करते, तिला बाजार नाही असा निर्वाळा दिला. १९४८ मध्ये अमेरिकेच्या फोर्डनेही नाक मुरडले. त्याच वर्षी ओपेलमधून आलेल्या हाइन्झ नोर्डहोफ यांच्याकडे सूत्रे गेली. त्यांनी गाडीचा बाह्याकार जवळजवळ न बदलता आतले पार्ट मात्र सतत सुधारत नेण्याचे धोरण धरले. या गाडीला पुढे बीटल हे नाव पडले. ५ ऑगस्ट १९५५ रोजी दहा लाखावी बीटल बाहेर पडली. १७ फेब्रुवारी १९७२ रोजी १,५०,०७,०३४वी गाडी तयार झाली आणि फोर्डच्या मॉडेल टीचा विक्रम मोडला. नाक मुरडणाऱ्यांमध्ये खुद्द फोर्डचाही समावेश होता, याची आठवण तेव्हा कुणालातरी झालीच असेल.

जुन्या मोटारींच्या मेळाव्यात मी एकदा अशीच एक बीटल जवळून पाहिली. मालक हौशी होते. त्यांनी पुढचे बॉनेट उघडले तेव्हा भोवतालची पोरे “काका, इंजिन कुठे गेले?” म्हणून ओरडली, कारण आत होती स्टेपनी, पेट्रोलची टाकी आणि थोडीशी सामानाची जागा, इंजिन मागे, डिकी असायला हवी तिथे. त्यांची गाडी सुरुवातीच्या धाटणीची असल्याने तिला पेट्रोलचा काटाच नव्हता. पेट्रोल संपत आले आणि गाडी आचके देऊ लागली की चालकाने पायापाशी असलेली तोटी बुटाच्या टोकाने फिरवून रिझर्व्हवर घ्यायचे, अगदी आपल्या जुन्या स्कूटरसारखे. नंतरच्या बीटलमध्ये तर काच धुणाऱ्या पाण्याच्या फवाऱ्याला लागणारा दाब स्टेपनीतल्या हवेतून घेत. इतका काटकसरी आणि इतका हजरजबाबी विचार यंत्रात क्वचित दिसतो. दार मात्र त्यांनी दोनदा ओढून लावले. गाडी इतकी हवाबंद असते की काच थोडी खाली केल्याशिवाय दार नीट बसतच नाही, असे ते अभिमानाने सांगत होते.

या गाडीची ‘प्रामाणिक गाडी’ ही ओळख अमेरिकेत पक्की झाली आणि ती पक्की करणारे होते न्यूयॉर्कच्या डॉयल डेन बर्नबाख या जाहिरातसंस्थेतले लोक. संस्थेचे बिल बर्नबाख स्वतः ज्यू होते. हिटलरच्या लाडक्या गाडीची जाहिरात करताना त्या कचेरीत काय चर्चा झाल्या असतील याची कल्पना करता येते. १९५९ मध्ये त्यांनी एक पान जवळजवळ कोरे सोडले, कोपऱ्यात चिमुकली गाडी ठेवली आणि लहान विचार करा, असा सल्ला दिला. बहुतेक अमेरिकी कारखानदार तेव्हा लांबलचक, शेपट्या फुटलेल्या, क्रोमने मढवलेल्या गाड्या विकत होते. पुढच्या जाहिरातीत तर चक्क गाडीच्या चित्राखाली ‘भिकार माल’ अशा अर्थाचा शब्द होता आणि खाली खुलासा होता की ग्लोव्ह बॉक्सवरच्या क्रोमच्या पट्टीला डाग असल्याने ही गाडी तपासनिसाने परत पाठवली. कारखान्याच्या गावी, वोल्फ्सबुर्गला, केवळ तपासणीसाठी ३,३८९ माणसे आहेत, असेही त्यात सांगितले होते. आपली खोट आपणच जाहीर करणाऱ्या कंपनीवर ग्राहक लुब्ध झाला. ही कल्पना कंपनीची नव्हे, लिहिणाऱ्यांची होती. पण पुण्याई कंपनीच्या खात्यावर जमा झाली.

पुढे ब्राझीलने तिला फुस्का म्हटले, मेक्सिकोने व्होचो म्हटले, हिप्पींनी तिच्यावर फुले रंगवली. मेक्सिकोतल्या पुएब्ला इथे ३० जुलै २००३ रोजी शेवटची जुनी बीटल बाहेर पडली तोवर एकूण आकडा २ कोटी १५ लाखांच्या पुढे गेला होता. दरम्यान १९७४ मध्ये जॉर्जेत्तो जुजारो या इटालियनाने रेखाटलेल्या गोल्फने कंपनीला बुडताना वाचवले. म्हणजे इथेही हात परक्याचाच!

महाराष्ट्रात कंपनी रीतसर अवतरली ती २००९ मध्ये, चाकणच्या कारखान्यासह. सप्टेंबर २०१० मधली एक सकाळ पुष्कळांना आठवत असेल, इंग्रजी वर्तमानपत्राचे पान उघडले आणि ते पान चक्क बोलू लागले. कागदाला चिकटवलेल्या छोट्या चकतीवर उजेड पडला की नव्या व्हेंटोची स्तुती सुरू होत असे आणि घडी घातली की बंद. काही घरांत रद्दीच्या ढिगातून आवाज येत राहिल्याने बायकामाणसे दचकली. मला ती जाहिरात फार काही रुचली नाही. अर्धे पान कोरे सोडणाऱ्यांची परंपरा असताना इतकी बडबड कशाला?

आणि मग १८ सप्टेंबर २०१५ आला. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने जाहीर केले की फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांमध्ये लबाडी करणारे सॉफ्टवेअर आहे. चाके फिरताहेत पण स्टिअरिंग हलत नाही, वेग ठरलेल्या तक्त्यानुसार चालला आहे, अशा खुणांवरून गाडीला कळायचे की आपली परीक्षा चालू आहे. तेवढ्यापुरती ती सज्जन व्हायची आणि रस्त्यावर आली की नायट्रोजनची ऑक्साइडे मर्यादेच्या ४० पटींपर्यंत ओकायची. जगभरात १ कोटी १० लाख गाड्या यात सापडल्या. ही चोरी पकडली गेली ती वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या एका लहानशा चमूच्या कामातून, आणि त्या चमूत अरविंद तिरुवेंगडम आणि हेमंत कप्पण्णा हे भारतीय अभियंते होते. कुणाला पकडण्याचा त्यांचा हेतूच नव्हता. अमेरिकेतले डिझेल युरोपातल्यापेक्षा किती स्वच्छ आहे हे दाखवण्यासाठी गाडीच्या मागे धूर मोजण्याची यंत्रे लादून ते प्रत्यक्ष रस्त्यांवर हिंडले, आणि आकडे असे आले की आधी त्यांना स्वतःच्या उपकरणांचाच संशय आला.

भारतातली चौकशी तर पुणेकरांच्या रोजच्या फिरण्याच्या वाटेवर आली, कारण सरकारने ती वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहनांच्या चाचण्या घेणाऱ्या संस्थेकडे सोपवली होती. रस्त्यावरचा धूर प्रयोगशाळेतल्या धुरापेक्षा पुष्कळच अधिक असल्याचे तिथल्या चाचण्यांत दिसले. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने देशातल्या सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ५०० कोटी रुपयांचा दंड केला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. पेट्रोल पंपाशेजारच्या व्हॅनमध्ये पीयूसी काढताना आपण स्वतः किती काटेकोर असतो, हा प्रश्न इथे कुणी काढू नये. आपण काही स्वतःच्या प्रामाणिकपणाच्या जाहिराती केल्या नव्हत्या.

एवढे झाल्यावर नाव पार धुळीला मिळायला हवे होते. दंड, भरपाई आणि दुरुस्त्या मिळून ३० अब्ज युरोंहून अधिक रक्कम गेली, मुख्याधिकारी मार्टिन विंटरकोर्न यांनी पाच दिवसांत राजीनामा दिला. पण २०१६ मध्ये, म्हणजे पुढच्याच वर्षी, फोक्सवॅगन समूहाने एक कोटी तीन लाखांच्या वर गाड्या विकून टोयोटाला मागे टाकले आणि जगात पहिला क्रमांक पटकावला. लोक गाडीचा हिशेब वेगळा ठेवतात आणि कंपनीचा वेगळा, एवढाच अर्थ मला यातून लावता येतो. चाकणच्या पोलोचे उत्पादन २०२२ मध्ये थांबले तेव्हा तिचे मालक हळहळले. धुराबद्दल बोलताना मात्र त्यांतले फारसे कुणी दिसले नाही.

वोल्फ्सबुर्गमध्ये एका उत्पादनाच्या दर्जाबद्दल मात्र आजवर कुणी शंका घेतलेली नाही. कारखान्याच्या स्वतःच्या खाटीकखान्यात १९७३ पासून सॉसेज बनते, त्याला १९९ ३९८ ५०० ए असा रीतसर सुट्या भागाचा क्रमांक आहे आणि कित्येक वर्षी त्याची संख्या फोक्सवॅगन नावाने विकल्या गेलेल्या गाड्यांपेक्षाही अधिक भरली आहे. २०२१ मध्ये तिथल्या एका उपाहारगृहाने मांसाहार बंद करून हे सॉसेज हटवले तेव्हा जर्मनीचे माजी चॅन्सेलर गेरहार्ट श्रोडर यांनी जाहीर निषेध नोंदवला. २०२३ मध्ये कामगारांच्या आग्रहाखातर ते परत आणावे लागले.