तुम्ही विचारलंत म्हणून: बर्फानं ज्वालामुखी विझत का नाही?

इंदुरात भूगोल शिकवणाऱ्याला लग्नाच्या पंगतीतही हा प्रश्न चुकत नाही. पूर्वी मी ‘वर बर्फ, खाली आग, दोघांचा संबंध नाही’ असं सांगून मोकळा व्हायचो. ते उत्तर चूक होतं.

विझायला आधी काहीतरी जळत असावं लागतं. लाव्हा जळत नसतो, तो वितळलेला दगड आहे. वरची साय गोठली तरी खालचा दाब तसाच राहतो. एक किलो बर्फ वितळायला ३३४ किलोज्यूल लागतात; हजार-अकराशे अंशांचा एक किलो लाव्हा पार थंड होताना त्याच्या तीन-चार पट उष्णता सोडतो. म्हणजे बर्फाचं पाणी होतं, आणि पाण्याची वाफ झाली की आकारमान सोळाशे पटींवर जातं. इंदुरात सराफ्याच्या खाऊगल्लीत ओला गराडू (तळून खायचा कंद) कढईत पडला की तेल का उसळतं, ते तळणाऱ्याला विचारा.

अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळचं डिसेप्शन बेट घ्या. नालासारखा आकार, निम्म्याहून जास्त भाग हिमनद्यांखाली. डिसेंबर १९६७ च्या उद्रेकात तिथले संशोधन तळ रिकामे झाले. ब्रिटिश परत आले आणि फेब्रुवारी १९६९ मध्ये बेटावरच्या माउंट पाँड या डोंगराच्या उतारावर थेट हिमनदीतच भेगा पडल्या. वितळलेलं पाणी राख, दगड आणि बर्फाचे तुकडे घेऊन व्हेलर्स बे या खाडीवरच्या ब्रिटिश तळावर आलं. बिस्को हाउस या लाकडी इमारतीला मधोमध खिंडार पडलं. व्हेल-शिकाऱ्यांची दफनभूमी गाडली गेली. माणसं पन्हाळी पत्रे डोक्यावर धरून वरून पडणाऱ्या दगडांतून निघाली आणि चिलीच्या जहाजानं वाचली. लाव्हा तळापर्यंत पोहोचलाच नव्हता. तळ मोडला तो पाण्यानं.

‘इंदुरात बसून त्याचं काय एवढं?’ असंही विचारतात. माळव्याची काळी माती ज्या बेसॉल्टची झाली, तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हाच आहे. पायाखाली लाव्हा असलेल्यांना हे का लागू नये?

तरी एक कबूल करतो. शेकडो मीटर जाड बर्फाचा भार असेल, तर तो वाफेला फुगूच देत नाही आणि स्फोट दबतो. म्हणजे बर्फ ज्वालामुखीला दाबतो, ही तुमच्या प्रश्नामागची समजूत अगदीच खोटी नाही. फक्त तो भार किती उरला, हे वितळायला लागल्यावर दर तासाला बदलत जातं.